खोकडाचे डोळे

एकतीस वर्षं मागच्या दाराने संग्रहालयात गेलेले भुसामास्तर आज पहिल्यांदाच तिकीट काढून पुढच्या दाराने आत शिरले. मेलेल्या जनावरांच्या कातड्यात भुसा भरून त्यांना उभं करायचं, हा त्यांचा धंदा. नाव त्यातूनच चिकटलं.

"बाबा, पायरी आहे," सून म्हणाली.

"पायरी मला ओळखते. तू तुझं बघ."

म्हणाले खरं, पण दंड तिच्याच हातात होता. वर्षअखेरीस उजेड-अंधार तेवढा कळेल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून ही घाई. खिशातल्या काडेपेटीत, कापसात गुंडाळलेले दोन काचेचे डोळे होते.

ते खोकडाचे, म्हणजे माळावरच्या छोट्या कोल्ह्याचे. सत्तावीस वर्षांपूर्वी दालनाचं उद्घाटन दुसऱ्या दिवसावर आलं, तरी खोकडाला लागणारे, मांजरासारख्या उभ्या बाहुलीचे काचेचे डोळे काही आले नाहीत. मोठे साहेब डोक्यावर बसलेले. मास्तरांनी कुत्र्याचे गोल बाहुलीचे डोळे बसवून टाकले. म्हटलं, आठ दिवसांत बदलू. मग खोकडाचं काचेचं कपाट बंद झालं, पुढचं काम आलं, त्याच्या पुढचं आलं. कुणाला पत्ता लागला नाही. फक्त बायकोने, ती होती तेव्हा, बघताक्षणी म्हटलं होतं, "हे कसलं खोकड? हे तर घरातून हाकललेलं कुत्रं बघतंय." ते मास्तरांच्या काळजात रुतून बसलं.

दालनाच्या बाई त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या. त्यांनी तासभर दार लावून घेतलं, काच सरकवली. वाळलेली कातडी मऊ पडावी म्हणून मास्तरांनी खोकडाच्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला.

"मास्तर, रात्रभर ठेवायला हवा ना? तुम्हीच शिकवलंत."

"रात्र तुझ्याकडे आहे. माझ्याकडे तास आहे."

अर्ध्या तासातच त्यांनी कापूस काढला आणि पापणीखाली सळई घातली. हात थरथरला नाही. त्याचा त्यांना अभिमान वाटला. तेवढ्यात वाळलेलं पान चुरगळावं तसा आवाज आला.

"मास्तर, थांबा."

"फाटलं?"

"थोडंसं."

"खोटं बोलायला मी शिकवलं नव्हतं."

बाईंनी वाकून नीट बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "कानापर्यंत गेलंय."

मास्तरांनी बोटाने चीर चाचपली. सत्तावीस वर्षं चुकीच्या डोळ्यांनी का होईना, ते खोकड ताठ उभं होतं. आता दोन शिपाई त्याला उचलून कोठारात नेत होते. कोठारात डागडुजीची वाट बघणारी चाळीसेक जनावरं होती. त्यातली निम्मी मास्तरांच्याच वेळची.

त्यांनी काडेपेटी बाईंच्या हातात दिली. "रात्रभर कापूस ठेव. मगच बसव."

"हो, मास्तर."

जाता जाता ते रिकाम्या काचेशी थबकले. आतलं काही दिसत नव्हतं. पुढे पांढरी पाटी लटकलेली तेवढी अंधुक जाणवली.

"काय लिहिलंय गं?"

"दुरुस्तीसाठी हलवलं आहे."

"तारीख?"

सुनेने वाकून पाटीची मागची बाजूही बघितली. "तारीख नाही, बाबा."

असल्या पाट्या मास्तरांनी स्वतःच्या हाताने कैक लावल्या होत्या. त्यांनी दंड पुढे केला.

"चल. पायरी आली की सांग."