मोहफुलांच्या खेळावरचं चित्र

माझ्या बायकोला माझं जवळजवळ सगळं माहीत आहे. मी डॉक्टरांना काय काय खोटं सांगतो, कोणत्या भावाशी का बोलत नाही, सगळं. हे मात्र तिलाही माहीत नाही. कुणालाच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही वैशालीला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असता तर आजही गप्पच बसलो असतो — माझा काही भरवसा नाही.

सुरुवात कुठून करू? पाट्यांपासून करतो, ते सोपं जातं.

आमचं घर बल्लारपूरचं, पाट्या रंगवणाऱ्यांचं. अब्बांनी पाटी रंगवली की ती ओली असतानाच ते मला रस्त्याच्या पलीकडे पिटाळायचे. "उस पार जाके देख, रफिक." तिथून वाचता आली तर ती पाटी, नाहीतर नुसता रंग वाया. पुढे मी चंद्रपूरला डीटीपीचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, वास्तुपूजन, दुःखद निधन. पण नजर तीच राहिली — लांबून काय दिसतं? आणि लांबून सगळ्यात छान काय दिसतं सांगू? वाघ. आमच्याकडे किराणा दुकानाच्या पाटीवरही वाघ असतो. जीपवर, ढाब्यावर, गणपती मंडळाच्या पावतीवर. हे सगळे वाघ मी काढलेत. माझा हात त्यात असा बसलाय की डोळे मिटून मिशा ओढीन.

वैशाली कुरखेड्याची. तिचे वडील शिक्षक, आणि त्यांच्याकडच्या बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाची पत्रिका दरवर्षी माझ्याकडे छापायला यायची. तशी ओळख झाली. ती चंद्रपूरला खोली घेऊन कॉम्प्युटर शिकत होती. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. एक दिवस दुकानात येऊन म्हणाली, "रफिकभाऊ, म्या एक गेम बनवला. त्याच्यावरचं चित्र तुमी काढून द्या न."

गेम म्हटल्यावर मला वाटलं बंदुका असतील, मोटारी असतील. नव्हत्या. पहाटेचं रान, आणि एक बाई टोपली घेऊन मोहफुलं वेचते आहे. वेचता वेचता ऐकायचं. वानर ओरडलं की थांबायचं, आवाज कुठून आला ते ओळखायचं आणि उलट्या बाजूच्या झाडाकडे सरकायचं. चुकलात तर पडदा हळूहळू काळा होतो आणि जमिनीवर टोपली तेवढी राहते. वाघ? कुठेच नाही. तो शब्दसुद्धा अख्ख्या खेळात नव्हता, कारण त्यांच्या गावची माणसं रानात ते नाव तोंडातून काढत नाहीत. नुसतं 'तो' म्हणतात.

मी विचारलं, दिसतच नाही तर मजा काय?

तेव्हा तिने आत्याचं सांगितलं. तिची शांताआत्या तरुणपणी जावेबरोबर मोह वेचायला गेली होती. जाऊ पलीकडच्या झाडाखाली वेचत होती. वानर ओरडलं, आत्याने मान वर केली, आणि पलीकडच्या झाडाखाली नुसती टोपली. तिला काहीच दिसलं नाही — शेपूटही नाही. पण लोक वर्षानुवर्षं विचारत राहिले. केवढा होता? कुठून आला? तू ओरडली काऊन नाई? ती सांगायची, मी पाहिलंच नाही. आणि लोक मनात म्हणायचे, पाहिलं, पळाली, आता लपवते. वैशालीला लोकांना आत्याच्या जागी उभं करायचं होतं. न दिसणं म्हणजे काय असतं, ते एकदा कळू दे म्हणून. एवढ्यासाठी तिने दीड-दोन वर्षं घातली होती.

हे सगळं मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

खेळ विकायचा होता एका परदेशी साईटवर. तिथे अशा शेकडो खेळांची चित्रं ओळीने लावलेली, एकेक चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं. खरं दुकान तेच. माणूस त्या ओळीवरून नजर फिरवतो आणि ज्या तिकिटावर ती अडकते, ते उघडतो. त्यामुळे चित्रात गर्दी चालत नाही, बारीक अक्षरं चालत नाहीत. एकच आकार, एकच अंधार, एकच उजेड. मी चित्र काढलं: काळपट निळं रान, खाली कलंडलेली टोपली, तिच्यातून सांडलेली पिवळट फुलं, आणि फांदीवर एक वानर — चित्राबाहेर कुठेतरी बघणारं. लहान करून पाहिलं. बाकी सगळं विरघळलं तरी वानराची ती मान राहत होती. काय बघतंय ते? असं वाटायचंच. वैशालीने ते पाहिलं. मग म्हणाली, "हेच. बस्स, हेच."

चांगलं चित्र होतं ते. आजही म्हणतो.

पण मी एक दुसरंही काढून ठेवलं होतं, तिला न दाखवता. जबडा वासलेला वाघ, समोरून. काय वाघ होता! तिकिटाएवढा केला तरी अंगावर येत होता. वानराचं चित्र बघून लोक खेळ उघडतील. वाघ बघून विचारतील, हा काढला कुणी? ते लोकांनी विचारावं, असं मला वाटत होतं. एवढंच कारण आहे. मोठं काही नाही, गरज नव्हती, नाइलाज नव्हता. पत्रिकांमध्ये गणपती चिकटवून कंटाळलेल्या माणसाला वाटलं, माझाही वाघ एकदा जगाने बघावा.

चित्र साईटवर चढवायचं काम माझ्याकडे होतं, कारण बरं इंटरनेट माझ्या दुकानात. वैशाली गावी गेली होती. मी वाघ चढवला.

परत आल्यावर तिने पाहिलं आणि दुकानातल्या स्टुलावर बसूनच राहिली. मी काय सांगितलं? — साईटवाल्यांनी बदललं. त्यांना वानराचं आवडलं नाही, माझ्याकडून दुसरं मागून घेतलं, मी तरी काय करणार. तिने विचारलं, परत बदलता येणार नाही का? मी म्हटलं, मेल टाकलाय, उत्तर नाही. कुठला मेल! पासवर्ड माझ्याजवळ होता. चहा यायच्या आत बदलून झालं असतं. त्यानंतर रोज सकाळी दुकान उघडताना बदलता आलं असतं. मी रोज साईट उघडायचो, वाघ बघायचो, बंद करायचो.

तिने विश्वास ठेवला. का ठेवू नये? मला ती भाऊ म्हणत होती.

मग तिने मला कुरखेड्याला घरी जेवायला बोलावलं. वडशापर्यंत रेल्वे, पुढे एसटी. तिने साईटचं ते पान माझ्याच दुकानात रंगीत छापून नेलं होतं, आत्याला दाखवायला. तुझ्या गोष्टीचा खेळ जगाच्या बाजारात लागला, असं सांगायचं होतं तिला. आत्या भिंतीला टेकून बसलेली, बारीक, केस पांढरे, माझ्या ताटात मी नको म्हणत असताना भात वाढणारी. वैशालीने आधीच बजावलं, "आत्या, चित्राकडे नोको पाहू, ते कंपनीवाल्यायनं बदललं." पण शेजारचे एक भाऊ आले होते. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि हसत म्हणाले, "हा पाहा! म्हंजे पायला होता न तुमी. आतं कसा खरा निंगाला!"

आत्या एवढंच म्हणाली, "म्या नाई पायलं जी."

भाऊ हसत होते. वाईट माणूस नव्हता तो. त्याला गंमत वाटली. वैशाली त्याला समजावू लागली — कंपनीने बदललं, खेळात तसं काही नाही. आत्या माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. पाहुणा आहे, शहरातला आहे, हा तरी सांगेल, अशी बघत होती. आणि मी? मी भात कालवत होतो. मला लाज वाटली — पण तोंड उघडलं ते चटणी छान झाली म्हणायला.

इथे थांबलो असतो तरी तुम्हाला पुरेसं वाटलं असतं, नाही? मलाही बरीच वर्षं वाटायचं की हेच ते. खोटं बोललो, गप्प बसलो, संपलं. पण तसं नाही. मला सांगायचंय ते यानंतरचं आहे, आणि म्हणून इतका वेळ मी पाट्या आणि भात सांगत बसलो.

वाघ पाहून लोकांनी खेळ उघडला, हे खरं. बऱ्याच जणांनी उघडला. आणि मग चिडले. वाघ कुठे आहे? फसवणूक आहे, असं खाली लिहू लागले. वैशाली ते सगळं वाचायची, एकूणएक. खेळ वाईट आहे असं कुणी लिहिलं नव्हतं. वाघ नाही, असं लिहिलं होतं. वानराच्या चित्राने कमी लोक आले असते, पण ते ऐकायला आले असते, हे मला कळत होतं. तिला कसं कळणार?

पावसाळा संपता संपता ती दुकानात आली. वाळली होती. म्हणाली, "रफिकभाऊ, लोकायचं बरोबर आहे. चित्रात दाखवलं तं खेळात पाह्यजे न. मी टाकून राह्यली वाघ. तुमीच काढून द्या, तुमच्यासारका कोनाले येते?"

त्या दिवसानंतर तिने दुसरा खेळ केला नाही. नोकरीला लागली, लग्न झालं, ईदला अजून तिचा फोन येतो. आत्याही गेली.

ती वाघ मागायला आली तेव्हा दुकानात दुसरं कुणी नव्हतं. पंखा चालू होता, वैशाली समोर उभी होती, आणि साईट माझ्या कॉम्प्युटरवर उघडीच होती. एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या तोंडाशी आलं होतं, हे मी शपथेवर सांगतो, पण मी विचारलं ते वेगळंच — झेप समोरून दाखवू, की बाजूने?

ती म्हणाली, "समोरून. आत्या उभी होती तिथून."

मी तसा काढून दिला.