ठसका थांबल्याचे पेढे

माझे सासरे रंगनाथ यांना सगळी कॉलनी नाना म्हणते. मूळ गाव निफाडजवळ. द्राक्षाची बाग धाकट्या भावाकडे सोपवून ते तरुणपणीच ओझरच्या विमानांच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना स्वतःच्या हातानं पाण्याचा ग्लास घेतानाही कधी पाहिलं नाही. ताट समोर आलं की जेवायचं, झालं की हात धुऊन उठायचं. भाजीत मीठ कमी पडलंय हे सासूबाई त्यांच्या भुवयांवरून ओळखायच्या.

माझी मुलगी साक्षी जन्मली तेव्हा तिला श्वास घ्यायला वेळ लागला. सेरेब्रल पाल्सी हे नाव पुढे बऱ्याच महिन्यांनी कळलं. त्याआधीच कळलं होतं की हिला दूध ओढता येत नाही. वाटी-चमच्यानं पाजलं तर निम्मं बाहेर यायचं आणि उरलेल्यासाठी ती निळी पडेपर्यंत खोकायची. सासूबाई तिला पायांवर आडवं घेऊन, मान मागं टाकून पाजायच्या. त्यांनी योगेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तसंच वाढवलं होतं. साक्षी दोन वर्षांची व्हायच्या आत सासूबाई गेल्या.

तेराव्याचे पाहुणे परतले त्या दुपारी मी साक्षीला भरवायला बसले होते. पेज तिच्या कानात, माझ्या केसांत, फरशीवर. ती रडत होती, मीही. नाना बाहेरच्या खोलीतून उठले, साबणानं हात धुतले आणि म्हणाले, "दे इकडं."

तेव्हापासून साक्षीचं जेवण त्यांच्याकडे गेलं ते गेलंच.

गंगापूर रोडच्या एका थेरपी सेंटरमध्ये आम्ही तिला घेऊन जाऊ लागलो. तिथल्या पूजा मॅडमनी पहिल्याच दिवशी आडवं पाजणं बंद करायला लावलं. मूल ताठ बसलेलं हवं, पाय टेकलेले हवेत, हनुवटी जराशी छातीकडे. चमचा समोरून, खालच्या बाजूनं न्यायचा, जिभेवर हलकेच दाबायचा आणि थांबायचं. ओठ तिनं स्वतः मिटले पाहिजेत. घास वरच्या ओठाला पुसून सोडायचा नाही. मी हे वहीत उतरवून घेत होते. नाना नुसते बघत होते. घरी येऊन त्यांनी प्लायवूडची खुर्ची केली, पुढं ट्रे, पायाखाली फळी, मानेला आधार. ती दोनदा मोडून पुन्हा केली, कारण साक्षीचा डावा खुबा घसरत होता.

ते तिला साहेब म्हणायचे. आयुष्यभर कुणाच्या तरी हाताखाली काढलं, आता शेवटची साहेब ही, असं त्यांचं म्हणणं. "साहेबांचा आज मूड नाय," म्हणत ते अर्धा घास परत वाटीत घ्यायचे. तासभर लागायचा, कधी जास्त. तोवर वाटी निवायची. मग ती गरम पाण्यात ठेवून पुन्हा बसायचे. शेजारच्या शकुबाई एकदा दारातून म्हणाल्या, "रंगनाथभाऊ, पोटच्या पोराला कधी कडेवर घेतलं नाही, अन् आता बरे बसता मांडी घालून."

"तेव्हा नोकरी होती," नाना म्हणाले. "आता हीच नोकरी."

ती त्यांच्याशिवाय कुणाकडून खाईना. मी चमचा नेला की दात घट्ट. नाना समोर आले की चमचा दिसायच्या आतच तोंड उघडायची. मला थोडं लागायचं, पण पोरीच्या पोटात जातंय यापुढे ते काहीच नव्हतं.

ठसका मात्र होता. दर जेवणाला लागायचा. लागला की नाना तिची पाठ धरून तिला पुढं झुकवायचे आणि म्हणायचे, आजीनं आठवण काढली. मग गेल्या वर्षी दिवाळीच्या आसपास ठसका कमी होत गेला, आणि एक दिवस लक्षात आलं की तो लागतच नाहीये. नानांनी महिनाभर वाट पाहिली. बोलून दाखवलं तर दृष्ट लागेल म्हणून मलाही बोलू दिलं नाही. मग पेढे आणले. कॉलनीत वाटले, मेडिकलवाल्याला दिले, सेंटरमध्ये सगळ्या मुलांच्या आयांना दिले. पूजा मॅडम म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही माझी नोकरी घालवणार." त्या दिवशी रिक्षात नाना सीबीएस बसस्टँडपर्यंत गुणगुणत होते. त्यांना गुणगुणताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर ताप सुरू झाले. एक उतरला की पंधरा-वीस दिवसांत दुसरा. छातीत घरघर, ऑक्सिजन, सलाईन, अँटिबायोटिक, घरी. नाना कधी थंडीला दोष द्यायचे, कधी रस्त्याच्या कामाच्या धुळीला. पंखा बंद केला, खिडक्या बंद केल्या. तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला तेव्हा पूजा मॅडमनीच बालरोगतज्ज्ञांशी बोलून गिळण्याची एक्स-रे तपासणी करायला सांगितलं. खाण्यात बेरियम कालवायचं आणि मूल गिळत असताना ते कुठं जातं हे पडद्यावर बघायचं.

साक्षी दुसऱ्या कुणासाठी तोंड उघडणार नव्हती, म्हणून शिशाचा जड एप्रन घालून नानाच भरवायला बसले. मी काचेच्या मागे, पूजा मॅडमजवळ. पडद्यावर माझ्या मुलीची कवटी, मानेचे मणके आणि नानांची बोटं. घास जिभेवरून मागं सरकला, काळा ठिपका. घशाशी थांबला. मग बराचसा मागच्या वाटेनं उतरला आणि थोडा पुढच्या वाटेनं, बारीक रेघेसारखा, अगदी सावकाश. पुढची वाट श्वासनळीची असते एवढं मला वाचून ठाऊक होतं. मी तिच्या खोकण्याची वाट पाहत राहिले. ती खोकली नाही. नाना तिला "शाब्बास, साहेब" म्हणाले आणि ती हसली.

डॉक्टरांनी खाणं घट्ट करून पाहिलं, पातळ करून पाहिलं, अगदी थोडं देऊन पाहिलं, मान आणखी झुकवून पाहिली. दर वेळी ती रेघ उतरली.

बाहेर बाकावर पूजा मॅडमनी सगळं समजावलं. नानांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती खोकली कशी नाय?"

"आत काही गेलं की खोकला यायला हवा, आजोबा. पण तिच्या घशाला ती जाणीवच आता होत नाहीये. ठसका थांबला तो बरी झाली म्हणून नव्हे."

"कधीपासून?"

"नक्की नाही सांगता येणार."

"म्हंजे मी पेढे वाटले तेव्हापासून."

पूजा मॅडम म्हणाल्या, "पेढा मीही खाल्ला होता. तुमच्याइतकं नीट कुणीच भरवत नाही. तुमचं काही चुकलं नाही." हे त्या मनापासून म्हणत होत्या. नानांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

त्या दिवसापासून तोंडानं काही द्यायचं नाही. सध्या नाकातून नळी आहे. डॉक्टर म्हणतात, छोटं ऑपरेशन करून थेट पोटात बसवू, नाकातली फार दिवस ठेवणं बरं नाही. तारीख आम्ही कळवायची आहे. योगेशची अंबडच्या कंपनीत शिफ्ट असते. तो म्हणतो, तू दिवसभर तिच्यासोबत असतेस, तू ठरव. मी बी.एस्सी. झालेली आहे, मिळेल ते वाचते. नळीनं वजन वाढतं असं एकीकडे लिहिलेलं असतं. लाळही आत जाऊ शकते, ताप थांबतीलच असं नाही, असं दुसरीकडे. ती पुन्हा कधी जेवेल, हे मी प्रत्येक डॉक्टरांना विचारलं. "पुढे बघू" याच्या पलीकडे कुणी गेलं नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही दुसरं काय सांगितलं असतं?

आम्ही आता स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन एकेकटे जेवतो. फोडणी साक्षी झोपली की मगच. पण नानांवर दार कसं ओढणार? ते नुसते खोलीत आले तरी ती तोंड उघडते. उघडते आणि थांबते. इतकी वर्षं ज्या माणसानं तिला एकदाही उपाशी ठेवलं नाही, तो आता नुसता उभा का आहे, हे तिला कुणी सांगावं? म्हणून तिच्या जेवणाच्या वेळी नाना घराबाहेर पडतात. कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवर जाऊन बसतात. शकुबाईंनी एकदा सांगितलं की तीन बस गेल्या तरी ते उठले नाहीत.

आज दुपारी मी नळीसाठी दूध कोमट करत होते. नाना लवकर परत आले. त्यांच्या हातात वाटी होती, नाचणीचं सत्त्व, चमचा उभा राहील इतकं घट्ट. त्यांनी ते सकाळी कधी शिजवून झाकून ठेवलं होतं, मला कळलंच नव्हतं. साक्षीनं त्यांना पाहिलं आणि तोंड उघडलं.

"एकच," नाना म्हणाले. "चमच्याच्या टोकावर. तू हो म्हण, मग देतो. नाय म्हणलीस तर नाय."

ते माझ्याकडे बघत नव्हते. मी हो म्हटलं असतं तर आज ती हसली असती, आणि आठवड्याभरात पुन्हा ऑक्सिजनवर असती कदाचित. कदाचित नसतीही. ह्या घरात इतकी वर्षं कुणीही नानांना नाही म्हटलेलं नाही.

"नाही, नाना."

"बरं."

त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली, चप्पल घातली आणि गेले. मी सिरिंज लावली. दूध नळीतून उतरत राहिलं. साक्षी दाराकडे बघत होती, तोंड तसंच उघडं ठेवून. दूध संपलं, मी नळी पाण्यानं धुतली, झाकण लावलं, तरी तिनं ते मिटलं नाही.