कोब्यातलं पाऊल

कोंडाजी मिस्त्री फरशी बसवायला आला की घरमालकाचं डोकं फिरायचंच. बाकीचे मिस्त्री सकाळी येऊन दुपारपर्यंत चार ओळी बसवून मोकळे होतात. हा बाबा दोन-दोन दिवस नुसती खालची जमीन ठोकत बसायचा. थापीच्या दांड्यानं ठोका, कान लावा, पुढं सरका. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं, की आत पोकळ आहे म्हणायचं आणि छिन्नी काढून तेवढी जागा फोडायचीच. मग झाडा, धुवा, खरवडा, सिमेंटचं पाणी मारा आणि नव्यानं भरा. गंगापूर रोडच्या एका साहेबांनी वैतागून विचारलं होतं, मिस्त्री, फरशी बसवणार कधी? तर मान वर न करता यानं सांगितलं, की फरशी काय, कुणीबी बसवतो.

माणूस नांदगावकडचा. तीस वर्षांत नाशकातल्या किती घरांच्या जमिनी यानं केल्या त्याची गणती नाही, आणि म्हसरूळला स्वतःच्या दोन खोल्यांत मात्र उखडलेला सिमेंटचा कोबा. आता काय बोलायचं! त्याची बायको सिंधुबाई खड्ड्यांवर पोती टाकून संसार करत आली. लग्न झालं तेव्हा कोंडाजीनं तिला थेट साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत आणलं होतं. तिथं उंबराच नव्हता, त्यामुळे माप ओलांडायचं राहूनच गेलं. सिंधुबाई हे हसून सांगायची, पण सांगायची मात्र दरवर्षी.

गेल्या वर्षी तिच्या हृदयानं दगा दिला. डॉक्टरांनी मुलीला, छायाला, बाजूला घेऊन सांगितलं की आता थोडे महिने. सिंधुबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. ती नवऱ्याला म्हणाली, "मला दुसरं काय नको. घरच्या नव्या फरशीवर एकदा अनवाणी चालू द्या, बस्स."

कोंडाजी तिला रिक्षात घालून पेठ रोडच्या दुकानात घेऊन गेला. तिनं सायीच्या रंगाची फरशी पसंत केली. खोकी खाटेशेजारी रचली, आणि ती येता-जाता त्यांच्यावरून हात फिरवू लागली.

आता दुसरा कुणी असता तर जुन्या कोब्यावरच चिकटवून दोन दिवसांत मोकळा झाला असता. सटाण्याहून आलेल्या छायानं तेच विनवलं, की नाना, वरच्यावर बसवा, वेळ नाही. पण ऐकेल तो कोंडाजी कसला? "तुझ्या आयच्या पायाखाली पोकळ ठेवू व्हय?" म्हणाला. हट्टी, महाहट्टी माणूस. पण प्रेम करायची त्याला ती एकच रीत माहीत होती.

खाट ओसरीत हलवून त्यानं सगळा कोबा फोडला, मुरूम ठोकून बसवला, नळीत पाणी भरून लेव्हल काढली आणि एकट्यानं नवा कोबा ओतला. संध्याकाळी तो बाहेर हात धुवत असताना सिंधुबाई देवापुढं दिवा लावायला निघाली. फळी टाकलेली होती, पण तिचा तोल गेला आणि स्वयंपाकघराच्या दारात उजवं पाऊल ओल्या कोब्यात उमटलं, पाचही बोटांसकट. कोंडाजी असा काही ओरडला की शेजारची लंकाबाई धावत आली. तीस वर्षांत माझ्या कामावर कुणी पाय ठेवला नव्हता, असं बरंच काही तो बोलला.

सिंधुबाई भिंतीला धरून उभी होती. "राहू द्या की तेवढं," ती म्हणाली. "माप ओलांडायचं राहिलं होतं ना माझं."

"वर फरशीच यायची हाय. खड्ड्यावर कशी बसंल ती?" म्हणत त्यानं रागारागानं ते भरून टाकलं. ती खाटेवर जाऊन पडली.

मग कोबा पक्का व्हायला रोज पाणी मारणं सुरू झालं. दहा दिवस म्हणजे दहा दिवस. ती खाटेवरून रोज विचारायची, वाळलं का? आणि हा रोज म्हणायचा, अजून नाय. सातव्या दिवशी सकाळी चहा पुढ्यात असताना सिंधुबाई गेली.

ती गेली त्या जागी बायकांनी पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर टोपली झाकली. दुसऱ्या दिवशी टोपली उचलून सगळ्या वाकून पिठात बघू लागल्या, कोणाचं पाऊल उमटलंय, म्हणजे पुढचा जन्म कशाचा, म्हणून. कुणाला पाखराची नखं दिसली, कुणाला काहीच नाही. ते बघताना कोंडाजीला एकदम आठवलं. अरे, पाऊल तर होतं या घरात! खुद्द तिचं, पाच बोटांचं. आपणच ते बुजवलं.

तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला. त्या संध्याकाळी आपण रागात होतो. भरण्याआधी ते खरवडलं होतं का? सिमेंटचं पाणी मारलं होतं का? काही केल्या आठवेना. नसेल मारलं, तर वरचा थर सुटा राहिला असेल. सुटा असेल तर तिथं बद्द वाजेल. छिन्नीनं हलकेच उचलला तर पापुद्र्यासारखा निघेल, आणि खाली ती असेल. जन्मात एकदा तरी हातून काम वाईट झालेलं असू दे, असं तो देवाला विनवू लागला.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं थापी घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारात गुडघे टेकले. ठोकलं. खणखणीत. बोटभर सरकून ठोकलं. खणखणीत. कान जमिनीला लावून, श्वास रोखून, उंबऱ्यापासून ओट्यापर्यंत त्यानं तसूभरही जागा सोडली नाही. सगळीकडून तोच आवाज आला, जो तीस वर्षं त्याला सुखावत आला होता. रागातसुद्धा हातानं आपलं काम चोख केलं होतं.

छाया चहा घेऊन आली. "पोकळ हाय का कुठं, नाना?"

"नाय. कुठंच नाय."

"मग बरंय की. आईची फरशी आता बसवून टाका."

कोंडाजी हो म्हणाला, आणि दारापासून पुन्हा ठोकायला लागला.