न घेतलेली ओटी

“पाठ दाखव,” चेअरमन म्हणाले.

आमच्या गावात नवराबायकोचं भांडण मारुतीच्या पारावर मिटवायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गाव नाशिकला अगदी लागून, मळ्यात झेंडू, आई पंचवटीत हार विकायची. तरी रीत तीच. पुरुष वर बसणार, बायका खाली, लांब. त्या दिवशी भांडण माझं होतं. नवऱ्यानं मला दोरखंडानं मारलं होतं आणि मी माहेरी पळून आले होते.

मी बापाकडं बघितलं. तो मान खाली घालून बसला. कालव्याचं पाणी कुणाला कधी सोडायचं ते पाणी सोसायटीचे चेअरमन म्हणून हेच ठरवायचे, तो काय बोलणार? पाठ दाखवायला मला तेवढी पारावर घेतली होती. मी वळले. पदर काढला, पोलकं मागून वर केलं. सख्खे चुलते होते तिथं. माझ्या वर्गातली पोरं होती. आजही आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

चेअरमननी वाकून बघितलं. निवांत. “हॅ, एवढ्यासाठी कुणी घर सोडतं व्हय? ओटी भरा अन् पाठवा नांदायला.”

नवरा हसला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगते, राग नाही आला मला. लाज वाटली. वळ कमी पडले म्हणून लाज वाटली.

आई नारळ, खण, तांदूळ घेऊन पाराच्या कडेशी आली. ओटी घ्यायची तर पदर पसरावा लागतो. माझा खाली लोंबत होता. तेवढ्यात हिराकाकू पार चढली. ही आमच्याच गावची, पंचवटीत आईच्या शेजारी हार विकायची. तिथल्या बायकांचं मंडळ काढलं होतं तिनं. मार खाल्लेल्या बाईला घेऊन त्या दवाखान्यात, चौकीत जायच्या. बाई पारावर चढली म्हणून गलका झाला. तिनं माझा पदर उचलून पाठीवर टाकला.

“ही पाठ डॉक्टरला दाखवू. यांना नाय.”

आई तशीच उभी. “घे गं बाई,” म्हणाली, “माझी लाज राख.”

मी पदर दोन्ही हातांनी आवळून धरला.

“नाय घेत.” आवाज इतका बारीक, की चेअरमननी विचारलं, “काय म्हणाली?”

“ओटी नाय घेत. नांदायला नाय जात.”

केस उभी राहिली. आमचं पाणी तोडलं, उभा झेंडू वाळला. बापानं बोलणं टाकलं, ते मरेपर्यंत.

आता मीही मंडळात आहे. पोरी येतात आणि न विचारता पोलक्याला हात घालतात. पुरावा द्यायला. मी त्यांचा हात धरते. म्हणते, राहू दे, तू सांगतेस तेवढं पुरे. सांगताना माझीच मान खाली जाते. ती लाज काही जात नाही. कधी जाईल, माहीत नाही.

नाही गेली तर नाही गेली. तिला घेऊनच मी पार चढते. कुठली पोर कुठं नांदणार, हे त्या पारावर पुन्हा ठरू द्यायची नाही मी.