पडद्याच्या पाठीमागून पाहिलेला सिनेमा

“पडदो दोनय बाजूंनी दिसता. तुमका काय फरक पडता?”

खोत असं म्हणाले आणि हाताने मागची जागा दाखवली. शाळेच्या पटांगणात दोन माडांना पांढरा कपडा ताणून बांधला होता. तळेऱ्याहून सरकारी गाडी आली होती, फुकट सिनेमा दाखवायला. पुढे सगळा गाव बसला. आम्ही महारवाड्यातली माणसं कपड्याच्या पाठीमागे, जिथे शाळेच्या मुतारीचं पाणी मुरायचं तिथे. मी तेव्हा विशीतली. कडेवर वर्षाचा पोरगा. खोती कायद्याने गेली होती. खोत होते तिथेच होते.

मला राग आला का? नाही आला. सिनेमा बघायला मिळतोय, हेच अप्रूप. त्या अप्रुपाचीच आज जास्त चीड येते.

सिनेमा गोष्टीचा नव्हता. खरं घडलेलं एक माणूस मराठीत सांगत होता. लांबचा देश. लढाई चाललेली. शिपाई घराघरांतून ज्यू लोकांना शोधून मारायला नेत होते. ज्यू म्हणजे कोण, मला ठाऊक नव्हतं. जन्माला आले हाच त्यांचा गुन्हा, एवढं कळलं. ते समजायला मला काही कष्ट पडले नाहीत.

तिथल्या साध्यासुध्या माणसांनी त्यांना लपवलं होतं. कुणी माळ्यावर, कुणी गोठ्यात. एका नाखव्याने तर ओळखदेख नसलेलं कुटुंब होडीच्या तळाशी निजवलं, वर जाळी टाकली, जाळ्यांवर मासळी ओतली आणि पाण्यापलीकडच्या देशात नेऊन सोडलं. सापडला असता तर गोळीच. म्हातारपणी त्याला कुणीतरी विचारलं, का केलंस? तो म्हणाला, होडीत जागा होती.

कपड्याच्या पलीकडून नाकं ओढल्याचे आवाज येत होते. गाव रडत होता. सिनेमा संपल्यावर खोत उभे राहिले आणि शुद्ध मराठीत बोलले, “याला माणुसकी म्हणतात. आपण सर्वांनी हा धडा घ्यावा.” टाळ्या पडल्या. मागून आम्हीही वाजवल्या.

सकाळी पोरगा तापाने फणफणला होता. डॉक्टर खाडीपलीकडे. नवरा मुंबईला गिरणीत. पोराला लुगड्याच्या पदरात गुंडाळून मी एकटीच धक्क्यावर गेले.

होडीवर रीत अशी, की गावाच्या खेपा व्हायच्या आणि मग शेवटी आमची. आम्ही उतरलो की होडीवाला खाडीचंच पाणी ओंजळीने होडीवर शिंपडायचा. मग होडी शुद्ध.

होडी भरत होती. खोत होते, त्यांची पलीकडे कोर्टाची तारीख होती. शाळेचे मास्तर होते, पाटल्यांवर, म्हणजे बसायच्या आडव्या फळ्यांवर, दोन-चार बायामाणसं होती. सगळ्यांच्या तोंडी रात्रीचा सिनेमा. होडीवाला सांगत होता, “त्या नाखव्याक बघून माझ्या डोळ्यांक पाणी इला.”

मी पुढे झाले. म्हटलं, “माका न्हे रे दादा. पोराक लय ताप आसा.”

“तू मागसून ये गो. पयली ह्येंका सोडून येतंय.”

पोराचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. मी हात जोडले. खोतांना म्हटलं, “काल बघितलास मा तुमी? तेना वळख नसलेल्या माणसांक होडयेत घेतल्यान. त्या डावऱ्या नाखव्यान.”

“डावरो?” खोत म्हणाले. “कोण डावरो?”

“तो नाखवो. थंयची सगळीच माणसा डावरी.”

मग मास्तर हसत सुटले. “पडद्यामागसून बघितल्यान हिणा! उजवो हात डावो दिसलो हिका!” सगळी होडी हसली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. रात्री रडलेला होडीवाला वल्ह्यावर ओणवून हसला.

मला वाचता येत नव्हतं. पडद्यावरची अक्षरं उलटी होती, हे मला कसं कळणार? ज्यांनी मला मागे बसवलं तेच मला मागून दिसलं म्हणून हसत होते. पोर माझ्या खांद्यावर आचके देत होतं आणि ही माणसं हसत होती. मला लाज वाटली नाही. लाज त्या दिवशी संपली.

मी होडीत चढले आणि मधल्या पाटलीवर जाऊन बसले.

बायका किंचाळून उतरल्या. मागोमाग मास्तर आणि खोतही. खोत धक्क्यावरून ओरडले, “उतर खाली!”

“नाय उतरणंय.”

“गो, तो सिनेमा होतो!”

“आणि ह्यो माझो झील आसा.”

मला खाली ओढायचं तर अंगाला हात लावायला हवा होता. तो कोण लावणार? ज्या विटाळाने आयुष्यभर मला लांब ठेवलं, त्यानेच त्या दिवशी माझी राखण केली. मी बसून राहिले. ते उभे राहिले.

ओहोटी लागली होती. पाणी उतरायला लागलं, होडीचा तळ चिखलाला घासायला लागला. आणखी थोडा वेळ गेला असता तर दुपारच्या भरतीपर्यंत कुणालाच पलीकडे जाता आलं नसतं. खोतांनी कोर्टाची तारीख आठवली असावी. धोतर आवरून ते टोकाला येऊन बसले. मग मास्तर. मग बायका, अंग चोरून. होडीवाल्याने माझ्याकडे पाठ करून वल्हं मारलं.

कुणाचं मन वळलं म्हणून मी पलीकडे गेले नाही. पाणी उतरत होतं म्हणून गेले.

पोरगा वाचला. संध्याकाळी परत धक्क्यावर आले तर तोच होडीवाला, तेच बोलणं, “तू मागसून ये गो.” सकाळचं सगळं जणू घडलंच नव्हतं. मी चढले आणि बसले. दुसऱ्या दिवशी औषधाला निघाले तर पुन्हा तेच. महिनाभर माझ्यावर थुंकले, वाडीचं पाणी तोडलं, दिराला कामावरून काढलं. सासू म्हणाली, “कित्याक आगीत हात घालतंस?” मी म्हटलं, हात आधीपासून आगीतच आहे, आता दिसायला लागला एवढंच.

पुढे प्रौढांच्या वर्गात मी अक्षरं शिकले. सभांना गेले, बोलले. लोक अजून मला सांगतात, माणसं आता बदलली, पूर्वीसारखी राहिली नाहीत. असतील बदलली. मी त्यांच्या बदलण्याची वाट बघत थांबणार नाही. लांबच्या मेलेल्यांसाठी रडायला काही लागत नाही. समोरच्या जित्या बाईला बाजूला सरकून जागा द्यायला मात्र काळीज लागतं. ती जागा मी मागणार नाही. जाऊन बसणार. ज्याला माझ्याशेजारी बसवत नसेल, त्याने खुशाल धक्क्यावर उभं राहावं.