पूजेतली औजारं आणि दत्ताची मोटरसायकल

माझी पोस्टिंग माझ्याच जिल्ह्यात झाली, हे फौजेत सहसा होत नाही. चोवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या बाबतीत एकदाच झालं, तेही सोळा दिवसांसाठी. ऑक्टोबरात कावेरीच्या खालच्या गावांत पाणी शिरलं आणि आमच्या युनिटचा एक कॉलम पूरकामाला निघाला. साठ जवान, चार बोटी, तीन ट्रक, एक जिप्सी आणि एक जुनी मोटरसायकल. मुक्काम पापनाशमच्या बाहेर एका शाळेत. तंजावरचं माझं घर तिथून पंचवीस किलोमीटरवर, पण सोळा दिवसांत मी घरी गेलो नाही.

मी हवालदार राव, व्हेइकल मेकॅनिक. गाड्या चालत्या ठेवायच्या एवढीच माझी ड्यूटी.

मोटरसायकल डीआरची. डीआर म्हणजे डिस्पॅच रायडर, निरोप्या. तुम्ही म्हणाल, आजच्या काळात निरोप्या कशाला? साहेब, टॉवर पडले की तुमचा मोबाइल नुसता बॅटरीचा डबा होतो. वायरलेस सेट ओला झाला की तोही रुसतो. मग उरतो तो माणूस आणि त्याची गाडी.

आमचा डीआर लान्स नाईक दत्तात्रय. गाव कराडच्या बाजूला, वय एकतीस. मी घरातलं तंजावरी मराठी बोललो की तो पोट धरून हसायचा.

"उस्ताद, परत म्हणा की ते."

"काय म्हणूं? मज कामें आहेत."

"ऐका! बखर बोलायला लागली."

मी त्याला शिव्या द्यायचो. आमच्या घरांत तीनशे वर्षं मराठी टिकलं, पण अक्षर तमिळ. देवनागरी मी फौजेत शिकलो आणि माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर दत्ता लाल पेन्सिल फिरवायचा. हे लिहिताना त्याची ती पेन्सिल नाही, तेव्हा चुका माझ्या.

मुक्कामाचा सहावा दिवस आयुधपूजेचा होता. कॉलममध्ये निम्मे जवान तमिळ. सुभेदारसाहेबांनी परवानगी दिली. शाळेच्या व्हरांड्यात मी औजारं मांडली. पाने, रिंग स्पॅनर, हातोडी, पक्कड, पितळी ड्रिफ्ट म्हणजे ठोकायचा दांडा, सगळं तिळाच्या तेलाने पुसून त्याला चंदन-कुंकू लावलं. गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. पोरी म्हणजे चुरमुरे, आणि शुंडल म्हणजे हरभऱ्याची उसळ, हा प्रसाद वाटला. साडेदहाला पूजा आटोपली.

आता नियम ऐका, कारण सगळं त्यावरच आहे. पूजेला बसलेलं औजार त्या दिवशी उचलायचं नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीच्या सकाळी, परत दिवा ओवाळायचा आणि मगच हात लावायचा. माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. पूजेच्या दिवशी कलेक्टरचं घड्याळ आलं असतं तरी त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला नसता. मीही कधी उचलला नव्हता.

१३४० ला दत्ता फेरीवरून परत आला. उतरता उतरताच म्हणाला, "उस्ताद, पुढचं चाक जड चाललंय. कुणीतरी मागनं ओढतंय असं वाटतंय."

मी पुढच्या ड्रमजवळ हात नेला. चटका बसला. ब्रेकचा लिव्हर दाबला, तो दाबलेलाच राहिला. मला लगेच कळलं. चार दिवस गाडी चिखलपाण्यातून जात होती. ब्रेक प्लेटमध्ये एक छोटा दांडा असतो, कॅम स्पिंडल. तो फिरला की ब्रेकचे शूज ड्रमला चिकटतात, परत फिरला की सुटतात. त्यावरचं ग्रीस धुऊन गेलं, गंज बसला, दांडा जाम झाला. चाक काढायचं, दांडा ठोकून बाहेर काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, बसवायचं. ट्रेनिंगमधला पोरगाही करील असलं काम.

मी म्हणालो, "स्पिंडल सीझ झालाय. उद्या सकाळी औजारं उचलली की पहिलं तुझं काम."

"उद्याच करा. देवीला कशापायी राग आणायचा?" तो हसला आणि शुंडलची पुडी घेऊन पायऱ्यांवर बसला.

१५२५ ला मेजरसाहेब स्वतः बाहेर आले. वरच्या अंगाच्या धरणाची दारं १७०० ला उघडणार असा निरोप आला होता. आमची एक तुकडी अकरा किलोमीटरवरच्या गावात होती, एक नायब सुभेदार, आठ जवान आणि बोटीने काढायची चाळीस माणसं. पाणी सुटायच्या आत त्यांना उंचावर जायला हवं होतं. सेटवर ओरडून ओरडून ऑपरेटरचा घसा बसला होता.

"टायगर टू, टायगर टू, मेसेज, ओव्हर." उत्तर नाही.

"राव, डीआर भेजो. पाँच मिनट."

"साब, गाडी का अगला ब्रेक जाम है।"

"चलेगी?"

इथे मी थांबलो. माझी औजारं आठ पावलांवर होती, कुंकू लावलेली. पाच मिनिटांत पूर्ण काम होण्यासारखं नव्हतं, हे खरं. पण १३४० पासून १५२५ पर्यंत पावणेदोन तास माझे होते आणि त्यात मी चहा प्यायलो होतो, पेपर वाचला होता.

"चलेगी, साब," मी म्हणालो.

मग मी जे केलं ते सांगतो. बुटाच्या टाचेने ब्रेकचा आर्म मागे ढकलला, म्हणजे शूज ड्रमपासून सुटले. केबलचा ॲडजस्टर बोटांनी फिरवून पूर्ण ढिला केला, म्हणजे चुकून लिव्हर दाबला तरी ब्रेक परत धरणार नाही. चाक मोकळं फिरायला लागलं. एकाही औजाराला हात लागला नाही. नियम पाळला आणि कामही झालं म्हणून मी मनातल्या मनात खूश झालो! होय, खूश. आज ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

"पुढचा ब्रेक नाही असं समज. मागच्यावर जा. सावकाश."

"रॉजर, उस्ताद."

१५३४ ला तो निघाला.

१६१० ला इतका वेळ मुका असलेला सेट अचानक खरखरला. "टायगर, टायगर टूकडून. डीआर पोहोचला. मेसेज मिळाला. हलतोय. ओव्हर." व्हरांड्यात सगळ्यांनी श्वास सोडला. सुभेदारसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी मूठभर पोरी तोंडात टाकल्या.

१६१८. "डीआर परत निघाला. आऊट."

पाऊण तासाचा रस्ता नव्हता तो. १६५५ झाले, १७०० झाले. मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. १७०८ ला मोपेडवर एक म्हातारा आला. नेसलेली वेष्टी गुडघ्याच्या वर खोचलेली, अंग ओलं. तो तमिळमध्ये म्हणाला, "सार, मिलिट्री वंडी... वायक्काल." मिलिटरीची गाडी, कालव्यात. मला तमिळ आईच्या दुधाइतकं येतं, तरी मी त्याला परत विचारलं, "काय?" तो परत तेच म्हणाला. मी तिसऱ्यांदा विचारलं. शेवटी सुभेदारसाहेबांनी मला बाजूला केलं.

जिप्सीने आम्ही पोहोचलो. रस्ता वळतो आणि वळणापलीकडे लगेच कालव्यावरची मोरी. जाताना दत्ता त्याच मोरीवरून गेला होता, तेव्हा ती धड होती. मधल्या वेळात पाण्याने अर्धी मोरी खाऊन टाकली होती. वळून बघतो तर समोर रस्ताच नाही, असं झालं असणार.

डांबरावर चिखल होता. त्यावर मागच्या चाकाची एकच रेघ, आधी सरळ, मग तिरकी, मग काही नाही. मी पावलं मोजली. चौदा. पुढचा ब्रेक धरला असता तर ती गाडी आठ-नऊ पावलांत उभी राहिली असती. हे मला कुणी शिकवायला नको. मी तिथे मट्कन खाली बसलो. जवान दोर घेऊन पाण्यात उतरत होते आणि हवालदार राव, सतरा वर्षं सर्व्हिस, चिखलात बसून होता.

१७५० ला दत्ता सापडला. पन्नास पावलं खाली, जलपर्णीत अडकलेला. हेल्मेटचा पट्टा नीट लावलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रकने गाडी ओढून आणली. दिवा कुणी ओवाळला मला माहीत नाही. मी औजारं उचलली. ०७१० ला पहिला नट फिरवला. चाक काढलं, प्लेट काढली, पितळी ड्रिफ्ट लावून तीन ठोके मारले, स्पिंडल बाहेर आला. तांबूस गंज, एवढंच. घासला, ग्रीस लावलं, बसवलं, केबल ताणली. लिव्हर दाबला आणि सोडला, टपकन परत आला. घड्याळ पाहिलं. ०७३२.

बावीस मिनिटं. मी घड्याळ कानाला लावून पाहिलं, बंद तर पडलं नाही ना म्हणून. मला ते खरंच वाटेना.

चौकशी झाली. मेजरसाहेबांनी विचारलं, "गाड़ी फिट थी?"

"नहीं, साब."

मी सगळं सांगितलं, पूजेसकट, टाचेसकट. ते लिहून घेतलं गेलं. निष्कर्ष निघाला, रस्ता खचल्यामुळे अपघात. वेळेवर पोहोचलेल्या निरोपाने एकोणपन्नास माणसं वाचली हेही त्यात आलं. मला एका ओळीची वॉर्निंग मिळाली. शिक्षा झाली असती तर मला झोप लागली असती.

रजेवर घरी गेलो तेव्हा आईला सांगितलं. ती म्हणाली, "पूजेचें आयुध उचललें नाहींस. देवाचें राखलेंस. तुझें काय चुकलें, बाळा?" मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. मग तिच्या पायांशी बसून रडलो. ती घाबरून नुसतं "अय्यो, अय्यो" करत राहिली. आता मी रिटायर आहे, तंजावरात राहतो, आयुधपूजा करतो. पण दहा-बारा-चौदाचे पाने आणि एक हातोडी पूजेबाहेर, बनियनच्या चिंधीत गुंडाळून खिडकीत असतात. शेजारीपाजारी नावं ठेवतात. ठेवोत.

आईला सांगितलं त्याच रजेत मी दत्ताच्या गावी गेलो. दोन दिवसांचा रेल्वेप्रवास, मग एसटी. त्याची बायको सुनंदा ओट्यावर शेंगा फोडत होती. तिला युनिटच्या पत्रातून एवढंच कळलं होतं की रस्ता खचला. मी मनाशी ठरवून गेलो होतो की हिला खरं सांगायचं. बसलो आणि सांगितलं. वेळांसकट सांगितलं, मला दुसऱ्या रीतीने सांगता येत नाही.

तिने मध्ये एकदाच विचारलं, "त्यांना ठावं होतं का, पुढचा ब्रेक न्हाई ते?"

"होतं. मीच सांगितलं."

ती शेंगा फोडत राहिली. दाणे एकीकडे, टरफलं एकीकडे. मी उठलो, हात जोडले. तेव्हा तिने मान वर केली.

"भाऊजी, इतके दिस मी म्हणायची, पुढं काळ हुता, कुणाचा इलाज न्हवता. तेवढ्यावर रात काढायची मी." तिचा आवाज चढला नाही. "तुमी खरं बोलला, तुमचं वझं हलकं झालं असंल. पर ती बावीस मिनिटं आता माझ्या घरात ठिवून चालला की वं तुमी."

मी पायताण घातलं आणि एसटीच्या रस्त्याला लागलो.

लान्स नाईक दत्तात्रय, डिस्पॅच रायडर. निरोप १६१० ला पोहोचवला.