ताबा

माझ्यासाठी कोर्टात भांडण झालं, हे आज सांगताना थोडी ऐटच वाटते. तेव्हा मात्र दारात कुणी अनोळखी दिसलं की मी खाटेखाली लपायचे. मी तान्ही असतानाच आई गेली आणि वाशीमलगतच्या भाजीच्या मळ्यात मामा-मामीने मला वाढवलं. वडिलांनी दुसरं लग्न करून मेडशीला संसार थाटला होता. मी सात वर्षांची झाले आणि त्यांनी माझा ताबा मागणारा दावा लावला.

वकिलांनी मामाला समजावलं की कायद्याने बापच पालक, पण पोरीचं हित कशात आहे तेही कोर्ट बघतं. मामाच्या कानात मात्र एकच शब्द अडकला. ताबा त्याला ठाऊक होता तो जमिनीचा. ज्याची वहिवाट, त्याचा ताबा. पोरगी एक रात्र जरी दुसरीकडे राहिली तर वहिवाट मोडेल, म्हणून मला मावशीच्या लग्नालासुद्धा नेलं नाही. मला त्याचा भारी राग आला. भीतीही वाटायची, की कुणीतरी येईल, माझी मोजणी करेल आणि घेऊन जाईल.

वकिलांनी गप्प राहायला बजावलं होतं, तरी कोर्टात मामाला राहवलं नाही.

"साहेब, पोरगी सात वर्सं माह्या वहिवाटीत हाय."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला आत बोलावलं आणि कुणाकडे राहायचं ते विचारलं. एकाचं नाव घेतलं तर दुसऱ्याला बेड्या पडतील, या धास्तीने मी कुणाचंच नाव घेतलं नाही. शेवटी मी म्हणाले, मले घरी जायचं हाय. कोणतं घर, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मामी असते ते, असं सांगितलं.

निकाल लागला. मी मामाकडेच राहायचं, वडिलांनी महिन्यातून एकदा भेटायला यायचं. बाहेर वडील मामासमोर आले आणि येऊ का, असं चाचरत विचारू लागले.

"तुमी बाप हाय तिचे," मामा म्हणाला. "इचारता कायले?"

आणि त्याने माझा हात सोडून मला पुढे केलं. मला वाटलं, दिलं मला. मी त्याच्या पायांना मिठी मारून रडले, "मले देऊ नोको, मामा." वडिलांचं तोंड एवढंसं झालं. त्या महिन्यात ते आलेच नाहीत. पुढच्या महिन्यात मामाच मेडशीला जाऊन त्यांना घेऊन आला.